राइट राइट

जांबोटीत पाऊस बोलायला लागला की बाकीच्यांनी ऐकायचं असतं. जूनच्या मध्यावर तो चोर्ल्याच्या अंगानं घाट चढून येतो, कौलांवर बैठक मारतो आणि दसऱ्याच्या तोंडावर उठेपर्यंत त्याचं एकच वाक्य चाललेलं असतं. मध्ये ना स्वल्पविराम, ना श्वास. या पारायणापुढं गावातली शहाणी माणसं आवाज खाली घेतात, गुरं रवंथ करत राहतात, रेडिओसुद्धा थोडा खरखरून गप्प होतो. अपवाद आमच्या घराचा. आमच्याकडं पाऊस वाढला की आम्ही त्याच्यावर आवाज चढवतो. बोलणं हा आमचा गृहोद्योगच. एकानं वाक्य सुरू करायचं, दुसऱ्यानं ते मध्येच उचलायचं, तिसऱ्यानं त्याचा शेवट करायचा आणि चौथ्यानं, ‘तसं नव्हे ते,’ म्हणत ते पुन्हा आरंभाशी आणून सोडायचं. मळणीच्या बैलांसारखी आमची वाक्यं खळ्यात गोल गोल फिरत असत. अशा घरात, 2023च्या पावसाळ्यात, एका सकाळी आप्पांच्या हातातून चहाची कपबशी निसटली. ती फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आप्पांची वाचा गेल्याचं मात्र बऱ्याच वेळानं लक्षात आलं, कारण कपबशी कुणाच्या माहेरची होती यावर आम्ही बोलत होतो.

वाचा गेली, पण सगळीच्या सगळी नाही. घर बदलताना खुंटीवर एखादी टोपी विसरून राहावी तसा एक शब्द मागं राहिला. तो शब्द होता ‘राइट’.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. तीसएक वर्षं त्यांनी सरकारी बसवर कंडक्टरकी केली, त्यातली बरीचशी बेळगाव ते कणकुंबी या वाटेवर. पुढं पुढं घाट उतरून पणजीपर्यंतही. पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. प्रत्येक थांब्यावर माणूस उतरला, माणूस चढला, दोरी ओढली, दोनदा घंटा वाजली आणि ‘राइट राइट’. आयुष्यात माणूस आईचं नाव जितक्या वेळा घेत नाही तितक्या वेळा आप्पांनी हा शब्द घेतला असेल. बेळगावच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून दाखवला. डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली होती. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अंगाला वस्ती करून असते आणि तेच अंग शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार पाहतं, त्यामुळं उजवा हात आणि शब्द अनेकदा एकाच झटक्यात जातात. ‘राइट हात गेला आणि तोंडात राइट राहिला’ हे वाक्य मला तिथंच, दवाखान्याच्या बाकावर सुचलं, आणि सुचल्याची लाज वाटली. आता वाटत नाही. वर्षभरानं ते आप्पांना ऐकवलं तेव्हा ते पोट धरून हसले. एका हातानं धरून.

पहिले काही आठवडे त्या एका शब्दावर घर चाललं. एका शब्दात किती माल मावतो हे मला तेव्हा कळलं. चहा हवा असेल तर ‘राइट’ शेवटाला जरा वर जाई. चहा गार असेल तर तोच शब्द दाताखाली चिरडून येई. उशी टोचत असली, देवळातली घंटा ऐकू आली, शेजारचं वासरू परसात शिरलं, काकू मागं उभी राहून डोळे पुसतेय हे आरशात दिसलं, सगळ्याला राइट. मला तर कधी कधी वाटायचं की आमच्या घरातल्या हजारो शब्दांपेक्षा हा एकच शब्द जास्त कामाचा आहे. पण असं वाटणं म्हणजे पलीकडच्या काठावरून पोहणाऱ्याचं कौतुक करणं. आप्पांना सगळं कळत होतं. कुणी दुकानातून सुटे पैसे कमी आणले तर ते डोळ्यांनी दटावत. कळत होतं, सांगायचंही होतं, आणि शब्द ओठांच्या अलीकडंच घाट बंद झाल्यासारखे अडकले होते. यातलं दुःख ज्याचं त्यालाच.

पुढं वाचताना कळलं की आप्पांना एक फ्रेंच जोडीदार होता. 1861 साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका नावाच्या शल्यवैद्यानं लेबोर्न्य नावाच्या रुग्णाला तपासलं. हा गृहस्थ वीसेक वर्षं एकच अक्षर बोलत होता, ‘तान’; तेही बहुधा दोनदा, ‘तान तान’. रुग्णालयात त्याचं नावच तान पडलं होतं. तो गेल्यावर ब्रोकानं त्याचा मेंदू पाहिला, डाव्या बाजूला पुढच्या अंगाला बिघाड सापडला, आणि माणूस बोलतो कुठून या जुन्या कोड्याचा एक पत्ता लागला. मेंदूतल्या त्या जागेला आज ब्रोकाचं नाव आहे. मला हे जरा अन्यायाचंच वाटतं. मेंदू तानचा, बोलणं तानचं, भोगणं तानचं आणि उताऱ्यावर नाव लागलं ब्रोकाचं. आमच्या सीमाभागात एवढ्यावरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

गावातली माणसं भेटायला येत. येत ती ओरडतच. वाचा गेलेल्या माणसाचे कानही गेले असणार असा का कोण जाणे सगळ्यांचा समज असतो. “आप्पाऽऽ! ओळखलासा काऽऽय?” असा पुकारा व्हायचा आणि पलीकडच्या गल्लीतला कुत्रा उठून बसायचा. काहीजण त्यांच्याशी तान्ह्या बाळासारखं बोलत. ज्यानं तीस वर्षं घाटातल्या गाडीत दारुड्यांपासून देवऋषींपर्यंत सगळ्यांना रांगेत बसवलं, त्याला कुणी “मम्मं केलं का?” असं विचारलं की आप्पा छताकडं बघत आणि अतिशय सौम्यपणे म्हणत, “राइट.” तो राइट कसला होता ते मी लिहिणार नाही.

आमच्याकडं हाड मोडलं तर कुणाकडं जायचं ते ठाऊक असतं. साप चावला, गाय आटली, पोराला नजर लागली, सगळ्याची माणसं ठरलेली असतात. शब्द मोडला तर कुणाकडं जायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली ती स्पीच थेरपीची. काकूनं त्या बाईंचं नाव ठेवलं ‘बोलायच्या बाई’. दर गुरुवारी बेळगावला जायचं ठरलं. नेमकं त्याच वर्षी 11 जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला होता. काकूला कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. आप्पांनी ते डाव्या हातात घेतलं, उजेडाकडं धरलं, उलटं करून पाहिलं. विनातिकीट प्रवाशाला ज्यानं कधी कुसमळीच्या पुढं नेलं नाही त्याच्या शेजारी, त्याची स्वतःची बायको, शून्याच्या तिकिटावर बसली होती. “राइट?” आप्पांनी त्या पोरसवदा कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, “राइट, राइट,” आणि गाडी सुटली. एका खात्यातल्या दोन माणसांचं संभाषण असं पुरं झालं.

बोलायच्या बाईंनी पहिल्या दिवशी बोलण्याचा विषयच काढला नाही. त्यांनी आप्पांना चमचाभर पाणी दिलं आणि त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून ते उतरताना पाहत राहिल्या. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच. एका दारानं दोन्ही कामं चालतात आणि दार वाकडं झालं की पाणी श्वासनळीत जातं. म्हणून आधी गिळणं. पातळ पाण्याऐवजी दाट पेज, नाचणीची आंबील. बसून, हनुवटी छातीकडं झुकवून, एकेक घोट. काकूला हे फारच आवडलं. बोलण्याचं पुढं काय होईल ते होवो, पण ज्या विद्येची सुरुवात पेजेपासून होते ती विद्या खोटी असणार नाही, असं तिचं मत पडलं.

या बाई शिकल्या म्हैसूरला. तिथं 1965पासून अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. देशात या विद्येचं जे काही रोप लागलं त्यातलं हे जुनं खोड. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आली ती 1983मध्ये. म्हणजे आपल्याकडं ही विद्या आप्पांपेक्षाही वयानं लहान. पण तिची हत्यारं पाहिली तर वेदकाळापर्यंत ओळख निघते. बाईंच्या टेबलावर एक आरसा, एक मेणबत्ती, कागदाची एक पट्टी आणि चित्रांचा गठ्ठा. त्या पट्टी आप्पांच्या ओठांसमोर धरत. ‘प’ म्हटलं की पट्टी जागेवर, ‘फ’ म्हटलं की फडफड. मग आप्पांचा डावा हात त्यांच्याच गळ्याला लावत. ‘प’ला गळा गप्प, ‘ब’ला आत भुंगा. मी कोपऱ्यात बसून हे पाहत होतो आणि मला एकदम शाळेतला तक्ता आठवला. क-च-ट-त-प. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. आपण ती बाराखडीच्या आधीची कटकट म्हणून घोकली. पण ती घशापासून ओठांपर्यंतची गाडी आहे, पाच थांब्यांची, आणि प्रत्येक थांब्यावर पाच प्रवासी. जुन्या शिक्षाकारांनी जीभ कुठं टेकते हे आरशावाचून, विजेरीवाचून पाहून ठेवलं आणि आमच्या मास्तरांनी ते छडीनं पाठ करून घेतलं. आप्पांसारख्या माणसाला ही गाडी पुन्हा पहिल्यापासून चालवायची होती. त्यांची दोन दुखणी होती: शब्द सापडत नाही हे एक, आणि सापडला तरी तोंडानं तो कसा लावायचा याचा विसर हे दुसरं.

इथं मला थोडं मागं जायला हवं, कारण या घरात बोलण्याचं पहिलं दुखणं माझं होतं. सहा वर्षांचा होईतो मला ‘र’ येत नव्हता. राम लाम, रस्ता लस्ता. मुलांना र उशिरानंच येतो. त्यात जिभेचं टोक टाळूपाशी पागोळीसारखं थरथरावं लागतं आणि ते कसब वर्णमालेतल्या शेवटच्या कसबांपैकी आहे, हे मला आता माहीत आहे. आजीला माहीत नव्हतं. तिनं वेखंड उगाळून जिभेला लावलं. शंखातलं पाणी पाजलं. रानात पोपटांनी उष्टावलेले पेरू शोधून चारले. पोपटाचं उष्टं खाल्लं की पोर पोपटासारखं बोलतं. जांबोटीचा मध तर किती चाटवला त्याला गणती नाही. उपायांनी र आला नाही, पण औषध म्हणून पेरू आणि मध मिळत असल्यामुळं तो येण्याची मलाही फारशी घाई नव्हती.

मला बरं केलं आप्पांनी, आणि तेही नकळत. एका सुट्टीत ते मला गाडीवर घेऊन गेले. कुसमळीला मलप्रभेच्या पुलाअलीकडं गाडी थांबली होती. आप्पा म्हणाले, “आज दोरी तू ओढायची आणि राइट तू म्हणायचं.” मी दोरी ओढली, छाती भरून घेतली आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडलो, “लाईट लाईट!” ड्रायव्हरनं भर दुपारी दोन्ही दिवे लावले. गाडी हसली, बाजारच्या बायका, दोन गवळी, मागं उभा एक शिपाई, सगळे. आप्पा हसले नाहीत. ते पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी गाडी सोडली नाही. “सावकाश म्हण,” ते म्हणाले, “गाडी कुठं पळून चाललीय?” मी पुन्हा लाईट म्हणालो. ते थांबले. पुन्हा लाईट. ड्रायव्हरनं मान वळवून पाहिलं, आप्पांनी हातानं त्याला गप्प केलं. कितव्या वेळी कोण जाणे, जिभेचं टोक कुठंतरी आपटलं, थरथरलं आणि अर्धा ल, अर्धा र असं काहीतरी बाहेर पडलं. “राइट,” आप्पा म्हणाले आणि गाडी सुटली. त्या दिवशी गाडी कणकुंबीला उशिरा पोहोचली. उशिराचं कारण नोंदवहीत त्यांनी काय लिहिलं असेल याचा मी अजून विचार करतो.

चित्रांच्या गठ्ठ्यानं आधी घोटाळाच केला. सफरचंद, विमान, जिराफ. जांबोटीच्या माणसाला जिराफाचं नाव सांगायची पाळी कधी येणार? आप्पा त्या चित्राकडं परक्या प्रवाशाकडं पाहावं तसं पाहत. बाईंनी ते ओळखलं आणि पुढच्या गुरुवारी फणस, काजू, आमसूल, पावसाळी घोंगडी अशी चित्रं आली. शब्द अडला की त्या पहिलं अक्षर पुढं करतात. बुडत्याला काठी द्यावी तसं. पाण्याचा पेला दाखवून त्या म्हणाल्या, “पा…” आप्पांनी कपाळ आवळलं, डावी मूठ वळली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. “पास!” ते म्हणाले. म्हणजे ‘राइट’नंतर परत आलेला पहिला शब्द हा पाणी नव्हे, आई नव्हे, देवही नव्हे, पास. काकू रडली. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाल्या, “छान. दाखवा पास.”

गणपतीत त्याहून मोठी नवलाई झाली. आरतीला आप्पांना खुर्चीत बसवून पुढं आणलं होतं. टाळ सुरू झाले, पहिली ओळ उठली आणि खुर्चीतून आप्पांचा आवाज आला. शब्दांसकट. पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न गाळता. आमच्या हातातले टाळ थांबले, आवाज थांबले, फक्त आप्पा गात राहिले. संपल्यावर काकू त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, “आता सांगा, पाणी देऊ?” आप्पांनी तोंड उघडलं. “राइट,” ते म्हणाले.

गुरुवारी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. पाठ असलेली आरती, एक ते वीस आकडे, वारांची नावं, शिव्या या गोष्टी बनवाव्या लागत नाहीत, त्या घडवलेल्याच पडून असतात. वाक्य जुळवणारा सुतार आजारी पडला तरी तयार पाट-चौरंग घरात असतातच. शिवाय सुरांचं काम मेंदूचं उजवं अंगही करतं, आणि ते आप्पांचं शाबूत होतं. बॉस्टनच्या काही मंडळींनी 1973 साली याचीच एक उपचारपद्धती केली: रोजचं साधं वाक्य दोन सुरांवर चढवायचं, डाव्या हातानं ठेका धरायचा आणि मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. आप्पांना ठेका शिकवावा लागला नाही. जुन्या दिवसांतले कंडक्टर तिकिटाचा चिमटा गाडीच्या दांडीवर टिकटिकवत पुढं सरकायचे, तोच ठेका त्यांच्या बोटांत होता. दांडीऐवजी मांडी. “च-हा द्या,” टिक-टिक. “जे-व-ण झालं,” टिक-टिक-टिक. आमचं घर काही महिने एखाद्या अतिशय संथ संगीत नाटकासारखं चाललं होतं. फक्त पाणी काही केल्या जमेना. ‘पा’ म्हटलं की पास, पावती, पाटील, पिरनवाडीसुद्धा, पाणी नाही.

त्यातच 1 नोव्हेंबर आला. बेळगावात त्या दिवशी एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे जातात आणि दुसऱ्या रस्त्यानं काळे. आमच्या घरातून दोन्हीकडं माणूस जातो: थोरला चुलतभाऊ काळ्या दिनाच्या फेरीला आणि धाकटा, कन्नड शाळेत मास्तर असल्यामुळं, राज्योत्सवाच्या ध्वजवंदनाला. संध्याकाळी दोघं एकाच पातेल्यातली आमटी वाढून घेतात. त्या संध्याकाळी वादाचा विषय नवा होता: आप्पांची आधी कुठली भाषा परत येणार? घरात मराठी, डेपोत कन्नड, घाट उतरल्यावर कोकणी, असा त्यांचा जन्म गेला होता. ‘मुंद होग्री’ आणि ‘फुडं सरा’ एकाच श्वासात म्हणणारा माणूस. थोरल्याचं म्हणणं, रक्तातली तीच येणार. धाकट्याचं म्हणणं, पोटाची येणार. मला गंमत वाटली, कारण हे भांडण फ्रान्सात आधीच होऊन गेलं होतं. रिबो म्हणाला होता, लहानपणी आधी शिकलेलं शेवटपर्यंत टिकतं. 1895मध्ये पित्र म्हणाला, आजाराच्या आधी जी जास्त वापरात होती तीच आधी परतते. रुग्ण मात्र या दोघांचंही फारसं वाचत नाहीत; कुणाच्या सगळ्या भाषा हातात हात घालून येतात, कुणाची एकच येते आणि तीही भलतीच.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. रात्री मी आप्पांजवळ निजलो होतो. पाऊस संपला होता, पहिल्या थंडीनं कौलं तडकत होती. आप्पांनी माझा हात हलवला. ओठ दोनदा जुळले, सुटले. बाईंनी शिकवलं होतं म्हणून मी गप्प राहिलो. मनात आकडे मोजले. आठवर आलो असेन.

“उदक,” आप्पा म्हणाले.

मी पेला दिला. ते बसले, हनुवटी खाली घेतली, एकेक घोट प्याले. सकाळी घरात याच्यावर पंचायत बसली. थोरला म्हणाला, जुन्या मराठीत हाच शब्द. धाकटा म्हणाला, कन्नडातही आहे. कुणीतरी म्हणालं, संस्कृत. म्हणजे कुणाचाच नाही. हा सगळा खानापूर तालुकाच असा आहे. कणकुंबीत उगवणारी मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेकडं जाते, भीमगडच्या रानातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, आणि त्या पाण्यावरून राज्यं लवादापर्यंत भांडतात. आता त्या पाण्याच्या नावावरूनही खटला उभा राहिला. काकू चुलीपाशी होती. ती वळून म्हणाली, “सासूबाई म्हणायच्या.”

मग आठवलं. आजी गोव्यातल्या सत्तरीची. चोर्ल्याचा घाट चढून, लग्न होऊन आमच्या घरी आलेली. सगळे शब्द तिनं इथले घेतले, एक तेवढा आणला तो ठेवला. “उदक जाय?” म्हणत ती आम्हाला पेला पुढं करायची. ती गेल्यावर तो शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. आप्पांनी तर शाळेत गेल्यापासूनच नसेल. सत्तर वर्षं तो कुठल्या कोनाड्यात बसून राहिला, आणि सगळं घर कोसळल्यावर हातात पेला घेऊन बाहेर आला. रिबोसाहेब जिंकले, असं मी म्हणणार होतो, म्हटलं नाही.

बाईंनी आम्हाला जे शिकवलं ते मात्र मी अजून सांगितलेलं नाही. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी त्या म्हणाल्या, “आता पेशंट बाहेर बसू देत. तुम्ही आत या.” आणि तासभर त्यांनी आम्हालाच तपासलं. आप्पा बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकानंच बोलायचं. एक प्रश्न विचारायचा आणि मनात दहा मोजायचे. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, माहीत असलं तरी. हे शेवटचं ऐकून आमच्या घराला पथ्यासाठी तेल-तिखट बंद केल्यासारखं झालं. काकू तर सुरुवातीला तीनच्या पुढं जायचीच नाही. “च्या पायजे? पानी? उशी? वारा घालू?” असं ती तिनाच्या आत विचारून मोकळी व्हायची आणि मग स्वतःच्याच तोंडावर पदर धरायची. तो पदर तोंडावर धरून मोजत बसलेली काकू हे माझ्या डोळ्यांपुढचं सगळ्यात अवघड औषधोपचाराचं चित्र आहे. सहा महिन्यांनी ती दहापर्यंत पोहोचली. त्या सहा महिन्यांत कोण किती सुधारलं याचा हिशेब बाईंच्या वहीत एकाच नावावर आहे, हे काही बरोबर नाही.

बाईंचं स्वतःचं मराठी हे बेळगावात आल्यावर रुग्णांकडून उचललेलं. शब्द सगळे, पण लिंगाची पंचाईत. कन्नडात निर्जीव वस्तूला स्त्री-पुरुष होण्याची सक्ती नाही. एका गुरुवारी त्या चित्र दाखवून म्हणाल्या, “बघा आप्पा, बस आलं.” आप्पा अस्वस्थ झाले. खुर्चीत पुढं सरले. मांडीवर बोटांनी टिक-टिक केलं. खोलीत कुणीही बोललं नाही. मी मोजत होतो, काकू मोजत होती, बाईही. “बस,” आप्पा म्हणाले, आणि थांबले. मग पुन्हा ओठ जुळवले. “बस… आली.” बाईंनी चित्र खाली ठेवलं. “आली,” त्या म्हणाल्या. “बस आली.” आप्पांनी मान हलवली. “राइट.”

आता त्यांचं बोलणं तीन-चार शब्दांच्या वाक्यांचं आहे. क्रियापद कधी कधी मागच्या गाडीनं येतं. उजवा हात उचलला जातो, पेला धरत नाही. गुरुवार महिन्यातून दोनच उरलेत. उघडीप असली की सकाळी ते काठी टेकत बसथांब्यावर जाऊन बसतात आणि घाटाकडं जाणाऱ्या माणसांना कुठली गाडी कुठं जाते ते सांगतात, कुणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. तुम्ही कधी जांबोटीवरून गेलात तर भेटतील. तुम्हाला कुठं जायचंय ते विचारतील. त्यांचं वाक्य पुरं व्हायला जरा वेळ लागतो, मध्येच उचलू नका. पावसात गाडीही तशी उशिराच येते.